काळी आई कुणाची?



वस्तीत वर्गणी सुरू झालीय. घरटी पाचशे. माता रमाईचा पुतळा बसवायचा आहे, विहाराच्या अंगणात, नळाच्या बाजूला. जागा ठरली, कमिटी ठरली, पावतीपुस्तकं छापून आली. कमिटीत अकराजण. अकराही बाप्ये. आईचा पुतळा बसवायचा तर निदान एक आई कमिटीत पायजे होती, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्याही आलं नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. परवा एका पोरीनं मीटिंगमध्ये उठून विचारलं तेव्हा आमची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

तर आमच्यातले तिघं कमिटीबरोबर मूर्तिकाराच्या कारखान्यात जाऊन आले. पत्र्याची शेड. फायबरचा वास डोक्यात जाणारा. भिंतीला टेकून साचे उभे. मूर्तिकार भला माणूस, चहा पाजला, अल्बम काढला. पहिल्या पानावर जिजाऊ, दुसऱ्यावर अहिल्याबाई, मग सावित्रीबाई, मग रमाई. पोरं पानं उलटत गेली आणि गप्प होत गेली. चारही बायकांचा चेहरा एकच! तेच भरलेले गाल, तीच सरळ नाकाची दांडी, तोच दुधात हळद घातल्यासारखा रंग. फरक काय, तर एकीच्या हातात तलवार, एकीच्या हातात पिंड, एकीच्या हातात पुस्तक. आणि रमाईचे हात? रमाईचे हात जोडलेले.

एका पोरानं विचारलं, ‘‘रमाई अशी गुटगुटीत होती का हो?’’

मूर्तिकार म्हणाला, ‘‘साहेब, आई म्हटली की असंच चालतं. सगळीकडं हाच साचा जातो. हाडं दिसणारी आई चौकात कोण बसवणार?’’

कमिटीतले एक काका लगेच म्हणाले, ‘‘बराबर हाय. शोभा पायजे.’’

शोभा! हा शब्द पंधरा दिवस आमच्या डोक्यात किड्यासारखा वळवळतोय. म्हणून या अंकाची पहिली पानं त्याच्यासाठी.

रमाईची आपल्याजवळ थोडीच छायाचित्रं आहेत. राजगृहातला १९३४ चा कुटुंबाचा फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, कित्येकांच्या घरात लावलाय. बाबासाहेब, यशवंत, मुकुंदराव, लक्ष्मीबाई, रमाई आणि टॉबी नावाचा कुत्रा. त्या फोटोतली बाई बघा. बारीक आहे. थकलेली आहे. वर्षभरानं, २७ मे १९३५ ला, ती गेली. पाच बाळंतपणं झालेली बाई. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही चार लेकरं तिनं मातीत घातली, एकटा यशवंत राहिला. परळच्या बी. आय. टी. चाळीत तिनं शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या, हे चरित्रकार लिहून गेलेत. शेणात कोपरापर्यंत बुडालेले ते हात आम्ही मूर्तिकाराकडे जोडून घेणार आहोत. नमस्काराला! कुणाला नमस्कार करतेय ती? कुणापुढं जोडायचे राहिले होते तिचे हात?

आईची मूर्ती हा सोपा धंदा नाही. ज्याच्या हातात छिन्नी, तो ठरवतो आई म्हणजे काय. ज्याच्या हातात जमीन, तोच बहुतेक वेळा छिन्नीवाल्याला पैसे देतो. म्हणून आईचं शरीर आणि जमीन ह्या दोन गोष्टी एकाच वहीत मांडाव्या लागतात. खेड्यातनं आलेल्यांना हे सांगायला नको. गावाची रानं म्हणजे काळी, गावाची वस्ती म्हणजे पांढरी. शेतकरी आपल्या जमिनीला ‘काळी आई’ म्हणतो. गोड शब्द आहे. शाळेच्या पुस्तकात आला की मास्तरांचा गळा भरून यायचा. पण आमचा बाप कुठल्या काळीत होता? पांढरीत आम्हाला जागा नव्हती, आम्ही गावकुसाबाहेर. काळीत आम्ही मजूर. आणि गंमत अशी की दोन गावांत शिवेचं भांडण पेटलं की शीव कुठून जाते हे सांगायला महारालाच बोलवायचे. त्याचा शब्द प्रमाण! सगळ्या गावाची हद्द ज्याला पाठ, त्याच्या नावावर वतनाचा तुकडा, तोही राबणुकीच्या बदल्यात, पोरापोरांत वाटून टाचेएवढा झालेला. ते वतन मोडावं म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात बिल आणलं. कायद्यानं ते गेलं १९५८ मध्ये. मग भूमिहीनांना पडीक जमीन द्या म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या मागं १९५९ ला आणि परत १९६४ ला बायाबापड्या कडेवर पोरं घेऊन तुरुंगात गेल्या. कडेवर पोरं घेऊन, हे लक्षात ठेवा. हे शिल्प अजून कुणी घडवलेलं नाही.

काळी आई. आता हाच शब्द जरा दूर घेऊन जातो.

अमेरिकेत वॉशिंग्टन शहरात १५ एप्रिल १९१५ ला एक काळी पोर जन्मली. एलिझाबेथ कॅटलेट तिचं नाव. बाप तिच्या जन्माआधीच वारलेला. आज्या गुलामगिरीतून निघालेल्या, त्यांनी तिला गुलामीच्या गोष्टी सांगितल्या. आपल्या आज्या सांगायच्या तशाच, चूल पेटवता पेटवता. पोरगी चित्रात हुशार. पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेची शिष्यवृत्ती तिनं मिळवली, पण काळी आहे कळल्यावर संस्थेनं प्रवेश नाकारला. ती हॉवर्ड विद्यापीठात शिकली, १९३५ ला पदवी घेतली, मग आयोवा विद्यापीठात शिल्पकलेला गेली. विद्यापीठानं वर्गात घेतलं पण वसतिगृहात घेतलं नाही. काळ्यांना तिथं खोली नव्हती. (आता त्याच विद्यापीठात तिच्या नावाचं वसतिगृह आहे. २०१७ ला उघडलं. माणूस नव्वद पार करून मरतो तेव्हा त्याला खोली मिळते.) तिथं ग्रँट वूड नावाचा गाजलेला गोरा चित्रकार शिकवायचा. पोरांना सांगायचा, तुम्हाला जे सगळ्यात जास्त ठाऊक आहे ते करा.

आता तिला काय ठाऊक होतं? काळी बाई. तिनं चुनखडीचा दगड घेतला आणि काळी आई घडवली, मांडीवर पोर घेतलेली. त्या कामावर तिला १९४० मध्ये पदवी मिळाली. आयोवातून शिल्पकलेतली ती पदवी घेणारी ती पहिली काळी बाई. त्याच वर्षी शिकागोत काळ्यांच्या कलेचं मोठं प्रदर्शन भरलं, तिथं शिल्पाचं पहिलं बक्षीसही ह्याच आईला मिळालं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आई आणि लेकरू तर चर्चमध्ये ढीगभर आहेत. तेच तर! युरोपनं शेकडो वर्षं मेरी घडवली, गोरी, मऊ, संगमरवरी. अमेरिकेत काळ्या बाईच्या मांडीवर पोर दिसायचं ते मालकाचं. दाई म्हणून ती चालायची, जाहिरातीत चालायची, आई म्हणून नाही. १६६२ ला व्हर्जिनियात गोऱ्यांनी कायदाच केला होता की पोराचा दर्जा आईवरून ठरेल. आई गुलाम तर पोर गुलाम, बाप कुणीही असो. म्हणजे मालकानं जबरदस्ती केली तरी नफा मालकाचा. काळ्या बाईचं पोट ही मालकाची तिजोरी होती. असल्या देशात काळ्या बाईच्या मांडीवर तिचंच पोर बसवणं म्हणजे त्या कायद्याच्या तोंडावर दगड मारणं. तिनं तो दगड घडवून मारला, एवढंच.

आम्ही तिची शिल्पं फोटोतच पाहिलीत. पण फोटोतूनही कळतं की ही बाई वजन जाणते. मान जाड. खांदे रुंद. आई आणि पोर यांच्यामध्ये हवा जायला फट नाही, एकच गठ्ठा. दागिना नाही, लेस नाही, डोळ्यात पाणी नाही. दया मागत नाही ती बाई. तिच्या अंगावर चिंध्या दाखवायची गरज कॅटलेटला वाटली नाही आणि तिला पऱ्या बनवायचीही वाटली नाही. (उशिराच्या वयातल्या तिच्या काही संगमरवरी आया आम्हाला जरा जास्तच गुळगुळीत वाटतात. वाटलं ते सांगितलं.)

पुढं ती न्यू ऑर्लिन्सला मास्तरीण झाली. तिथल्या म्युझियममध्ये पिकासोची चित्रं आली होती. म्युझियम ज्या बागेत, त्या बागेत काळ्यांना पाय टाकायची बंदी. म्युझियममध्ये जायला कायदा आड येत नव्हता, बाग आड येत होती! विहीर सार्वजनिक पण पायऱ्या सवर्णांच्या, तसलाच प्रकार. तिनं काय केलं, म्युझियम बंद असतं त्या दिवसाची परवानगी काढली आणि पोरांना बसमधून थेट दारात उतरवलं. बागेला पाय लागला नाही. त्यातल्या कित्येक पोरांनी जन्मात पहिल्यांदा म्युझियम पाहिलं.

१९४६ ला ती मेक्सिकोला गेली. तिथं छापचित्रं काढणाऱ्यांची एक कार्यशाळा होती, ‘तायेर दे ग्राफिका पोपुलार’. कामगार, शेतकरी, संपवाले ह्यांच्यासाठी स्वस्त कागदावर चित्रं छापायची, भिंतीला चिकटवायची. आपल्या पोस्टर-पत्रकांचा थोरला भाऊ म्हणा. तिथं तिनं काळ्या बायांवर पंधरा छापचित्रांची मालिका केली. तिथंच चित्रकार फ्रान्सिस्को मोराशी लग्न केलं. तीन पोरं झाली. पोरं लहान असताना दगड-लाकूड बाजूला पडलं, छापचित्रं चालू राहिली, आणि १९५५ च्या आसपास तिनं परत शिल्पाला हात घातला. हे मुद्दाम सांगतो. आईपणावर शिल्प करणाऱ्या बाप्या कलावंतांचं काम पोरं झाली म्हणून थांबल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

माती ती फ्रान्सिस्को झुनिगाकडून शिकली, लाकूड होझे रुइझकडून. मातीची रीत मेक्सिकोच्या मूळ लोकांची, गोऱ्यांच्या आधीची. मातीच्या वळ्या करायच्या, एकावर एक चढवत आतून पोकळ मूर्ती उभी करायची. कुंभारवाड्यातल्या माणसाला हे लगेच समजेल. पोकळ असल्यावर भट्टीत तडकत नाही. १९५६ ची तिची भाजल्या मातीची आई आहे, न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या म्युझियममध्ये. जमिनीतून काढलेली माती, भाजून झालेली आई. काळी आई म्हणायला हिच्याइतकं नेमकं दुसरं काही आम्हाला सुचत नाही.

जमिनीचं म्हणाल तर तिचं १९५२ चं एक छापचित्र आहे. शिल्प नाही, पण शिल्पासारखंच कोरलेलं. लिनोलियमवर टोकदार हत्यारानं. ‘शेअरक्रॉपर’ त्याचं नाव, म्हणजे बटईनं जमीन कसणारी. गुलामी गेली पण जमीन मालकाचीच राहिली. बी मालकाचं, तराजू मालकाचा, उधारीची वही मालकाची. अर्धेलीनं कसणाऱ्याच्या हातात वर्षाअखेर काय राहतं हे मराठवाड्यातल्या पोरांना शिकवायला नको. चित्रात म्हातारी बाई आहे. रुंद काडीची टोपी, पांढरे केस, आणि अंगातला कोट गळ्याशी बटण नाही म्हणून सेफ्टी पिनेनं अडकवलेला. आपण तिच्याकडे खालून वर बघतो. ती आपल्याकडे बघत नाही.

ती सेफ्टी पिन बघून आमच्यातला एकजण उठून बाहेर गेला. त्याच्या आईच्या बांगडीला कायम चार पिना अडकवलेल्या असायच्या. कुणाच्या सँडलचा पट्टा तुटला, कुणाचं दप्तर फाटलं, की बांगडीवरून पिन निघायची. सगळ्यांच्याच आयांच्या असतात. मूर्तिकाराच्या अल्बममधल्या एका तरी आईच्या बांगडीला पिन आहे का?

अमेरिकेला ही बाई झेपली नाही. मेक्सिकोत रेल्वे कामगारांच्या संपाच्या वेळी तिला धरून तुरुंगात टाकलं. १९६२ ला तिनं मेक्सिकोचं नागरिकत्व घेतलं तेव्हा अमेरिकी सरकारनं तिला ‘नकोशी परदेशी’ ठरवून दार लावून घेतलं. स्वतःच्या जन्मगावात शिरायची बंदी! ती तिकडूनच काम करत राहिली. १९६८ ला लाकडात तरुण काळ्या बहिणींसाठी मूठ उंचावलेली बाई केली. ४ डिसेंबर १९६९ ला शिकागोच्या पोलिसांनी पहाटे घरात घुसून ब्लॅक पँथरच्या फ्रेड हॅम्प्टनला झोपेत गोळ्या घातल्या. एकवीस वर्षांचा पोरगा. मार्क क्लार्क त्याच रात्री मेला. कॅटलेटनं १९७० मध्ये ब्राँझचं एक डोकं केलं, काळ्या तरुणाचं, आणि त्याच्यासमोर बंदुकीच्या नेमाची चौकट बसवली. ‘टार्गेट’. म्हणजे बघणारा तुम्ही-आम्ही जिथं उभं राहतो तिथं बंदूकवाला उभा आहे. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा ते नाव ज्या रस्त्यानं आलं, त्याच रस्त्यावर ही बाई बसली होती, छिन्नी घेऊन. आपल्याला तिचं नाव कुणी सांगितलं नाही. पुरुष पँथरांची नावं आम्हाला पाठ होती.

१९७१ ला तिला व्हिसा मिळाला, तोही खूप आरडाओरडा झाल्यावर. नागरिकत्व परत दिलं २००२ मध्ये, तेव्हा ती ८७ वर्षांची. २ एप्रिल २०१२ ला ती कुएर्नाव्हाकाला वारली. २०२४ ला ब्रुकलिन म्युझियमनं तिचं मोठं प्रदर्शन भरवलं. आता सगळेच गोडवे गातायत. असो.

परदेशातली बाई झाली. आता आपल्या घरातला दगड.

तेर, नेवासे, भोकरदन, सगळी आपलीच गावं. तिथल्या मातीत लज्जागौरीच्या मूर्ती सापडल्यात. काही इतक्या छोट्या की तळहातावर मावतील. मोठी बघायची तर बदामीच्या नागनाथकोळ्यातली. बाई बाळंतपणाच्या बसणीत, पाय फाकलेले, छाती भरलेली, आणि मानेवर डोकं नाही. डोक्याच्या जागी कमळ. रा. चिं. ढेऱ्यांनी तिच्यावर पुस्तकच लिहिलंय, १९७८ ला. अभ्यासक सांगतात, ही भूमी आहे, प्रसवणारी, कमळ म्हणजे सृजन. मान्य. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी ज्यानं ती घडवली त्याच्या मनात बाईबद्दल आदरच असेल, आणि ती मूर्ती घडवणीत जबरदस्त आहे यात वाद नाही. ढेरे वाचाच. पण आम्ही कुठल्या बाजूनं बघणार? आम्हाला दिसतं की गर्भ ठेवला आणि डोकं काढलं. दगडाच्या बाईला मूल व्हावं म्हणून तेल-कुंकू घातलं, आणि ती बोलू शकेल असं तोंड तिला दिलं नाही.

हे फार ताणतोय असं वाटत असेल तर बीडला चला. ऊसतोडीला टोळी निघते तेव्हा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली, खाडा झाला तर दंड. पाळी आली, पोटात दुखलं, बाळंत झाली, खाडा तो खाडाच. मग डॉक्टर म्हणतो पिशवी काढून टाक, कटकट गेली. २०१९ ला बोंब झाली तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हे यांची समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. तेरच्या देवीला डोकं नव्हतं, गर्भ होता. हिला डोकं आहे पण पिशवी नाही, आणि डोक्यावर उसाची मोळी. दोन्ही मूर्ती एकाच मराठवाड्यातल्या. काळी आई, काळी आई म्हणणाऱ्यांच्या रानातल्या.

आणि दगड फोडणारे कोण? पाटा, वरवंटा, जातं घडवणारी, दारोदार टाकी लावून देणारी वडारीण. टाकीचे घाव सोसल्याबिगर देवपण येत नाही म्हणतात. दगडाचे घाव मोजले, टाकी धरणाऱ्या हाताच्या तळव्यावरचे घाव कुणी मोजले? देव झाल्यावर गाभाऱ्यात शिरायची बंदी त्याच हाताला.

हे सगळं आम्ही मीटिंगमध्ये जोरात मांडलं. लई जोरात. साचा नको, फायबर नको, गोरा रंग नको, हात जोडलेले नकोत. आम्हाला पायजे शेणानं भरलेल्या हातांची, फाटक्या लुगड्यातली, चार पोरं गमावलेली रमाई. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मागं बसलेली एक आज्जी उठली. पंचाहत्तरी पार केलेली, चाळीस वर्षं धुणीभांडी केलेली.

म्हणाली, ‘‘मला फाटक्या लुगड्यातली रमाई नगं. जल्मभर फाटकंच नेसलो. पुतळ्याला तरी चांगलं नेसवा रं बाबांनो. तुमची आई फाटक्यात चौकात हुबी केली तर तुम्हाला बरं वाटंल व्हय?’’

आमची वाचा बसली. खरं सांगायचं तर आम्हाला राग आला, आणि मग रागाची लाज वाटली. आम्ही शोभेवर तुटून पडलो होतो. पण ज्यांनी शोभा कधी अंगाला लावलीच नाही, त्यांना ती मागायचा हक्क नाही असं आम्ही कुठल्या तोंडानं म्हणणार? आणि दुःखाचंही दुकान असतं. भुकेची हाडं, सुरकुत्या, चिंध्या याचे फोटो गॅलरीत लावणारे वाइन पीत बघतात. आमची रमाई तिथं न्यायची नाही.

तीन रात्री यावर डोकं फोडल्यावर आम्हाला कॅटलेट परत आठवली. तिनं चिंध्या दाखवल्या नाहीत आणि शोभाही केली नाही. तिनं मान सरळ ठेवली. अंगाला वजन दिलं. आज्जीला अंगभर चांगलं लुगडं पायजे, ठीक, नेसवू. पण लुगड्याच्या आत बाई पायजे. चेहरा रमाईचा पायजे, १९३४ च्या फोटोतला, अल्बममधला नको. रंग तिचा पायजे. हात मोकळे पायजेत, आणि ते हात काम केलेले असल्याचं बोटांवरून कळलं पायजे. आज्जीला हे सांगितलं तर म्हणाली, ‘‘मग असं बोला की. हात माझे बघा.’’ आणि पुढं केले.

राहिला पैशाचा प्रश्न. ब्राँझ परवडत नाही म्हणून फायबर, असं कमिटीचं म्हणणं. शांतिनिकेतनला रामकिंकर बैज होऊन गेला. बांकुड्याच्या न्हाव्याच्या घरातला, जन्म १९०६. १९३८ ला त्यानं उघड्यावर संथाळ कुटुंब घडवलं. बाप्याच्या खांद्यावर कावड, कावडीच्या एका टोपलीत पोर, बाजूला बायको, पायाशी कुत्रं. कुठं तरी निघालेलं बिऱ्हाड. ब्राँझला पैसे नव्हते, संगमरवराला नव्हते. त्यानं सिमेंट आणि जांभ्याची खडी घेतली आणि सळ्यांच्या सांगाड्यावर चढवली. देशातल्या आधुनिक शिल्पाची गोष्ट जाणते लोक ह्या खडबडीत सिमेंटपासून सांगतात. आपल्या वस्तीत सळई बांधणारे किती, गवंडी किती, प्लास्टरवाले किती, मोजा. अर्ध्या मुंबईचे टॉवर ह्यांनी उभे केलेत. एक आई उभी करता येणार नाही?

कमिटीतल्या काकांचा अजून विरोध आहे, हे लपवत नाही. त्यांचं म्हणणं, पुतळा खडबडीत झाला तर लोक हसतील, शेजारच्या वस्तीत चकचकीत आहे. त्यांचं ऐकून घेऊ. ते आपलेच आहेत, नामांतरात लाठ्या खाल्लेत त्यांनी. पण वर्गणी देणाऱ्या घरांत निम्म्याहून जास्त पैसा बायांच्या कमाईचा आहे. तेव्हा कमिटीत पाच बाया घ्यायच्या, आणि नमुना त्यांनी पास केल्याशिवाय ऑर्डर द्यायची नाही, असा ठराव आम्ही मांडतोय. साच्याला दिलेले पाच हजार आगाऊ गेले तर गेले.

येत्या रविवारी सकाळी दहाला विहारात या. कुंभारवाड्यातनं दोन पाट्या माती आणलीय. येताना घरच्या बाईचे हात नीट बघून या, फोटो काढला तरी चालेल. जे.जे.त शिकणारी आपली एक बहीण छोटा नमुना करून बघणार आहे. आज्जी समोर बसायला कबूल झालीय. एकच अट, पाठ दुखली की उठणार.